खाड्याचे पैसे

मास्तराच्या घरात 'निकाल' या शब्दाला एकच अर्थ असतो. मे-जून महिन्यांत दाराची घंटा वाजली, की आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातूनच सांगते, "निकाल अजून लागायचाय म्हणावं!" बाहेर दूधवाला उभा असला तरी त्यालाही ते ऐकून घ्यावे लागते. पण गेली काही वर्षे आमच्या घरी आणखी एक निकाल लागतो, आणि त्याची वाट विद्यार्थी नव्हे, खुद्द मास्तरच पाहात असतो. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक रविवारी, रात्री सव्वानऊच्या सुमारास, मी ताटावरून उठतो, हात धुतो आणि मोबाइल घेऊन खिडकीपाशी जातो. परत येतो तेव्हा चिरंजीव माझ्या तोंडाकडे पाहूनच म्हणतात, "हरले वाटतं तुमचे बॅटलीवाले!" पुष्कळदा त्यांचे अनुमान बरोबर असते.

हे बॅटलीवाले कोण, असे आपण विचाराल. बॅटली हे इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातले, टेकड्यांच्या कुशीत वसलेले एक लहानसे गिरणगाव. तेथे रग्बी लीग नावाचा खेळ खेळणारा एक संघ आहे. मी तेथे गेलो त्या २०२३ साली तो इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. पहिल्या नव्हे, दुसऱ्या. आणि खरे सांगायचे तर मी या संघाचा सामना मैदानावर बसून एकदाही पाहिलेला नाही. पाहिला आहे तो फक्त एका संध्याकाळचा सराव. तेवढ्यावर हे वेड कसे लागले, त्याचीच ही हकीकत.

माझी भाची आणि तिचा नवरा लीड्स शहरात असतात. २०२३ च्या मेमध्ये, पेपर तपासून मोकळा झाल्यावर, मी तीन आठवडे त्यांच्याकडे गेलो. पहिल्या आठवड्यात पाहुण्याने जे पाहायचे ते सगळे पाहिले. यॉर्कचे भव्य चर्च झाले, हॉवर्थ येथील ब्राँटे भगिनींचे घर झाले. दुसऱ्या आठवड्यात घरातले दिवे एकाएकी जाऊ-येऊ लागले आणि भाचीने वायरमनला बोलावले.

तो आला तो दार भरून. मान आणि खांदे यांच्यात सीमारेषा अशी उरलेलीच नव्हती, आणि एक कान चुरगाळलेल्या कागदासारखा दिसत होता. काम अर्धे झाल्यावर तो म्हणाला, "उरलेलं बुधवारी करतो. मंगळवारी संध्याकाळी जमायचं नाही, सराव असतो."

"कसला सराव?" मी आपले सहज विचारले.

"रग्बी लीग. बॅटलीकडून खेळतो मी."

जावयांचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तुम्ही टीव्हीवर दिसता?"

"छे हो! आम्ही दुसऱ्या श्रेणीतले. आठवडाभर वायरी ओढायच्या आणि रविवारी माणसं पाडायची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही या ना मंगळवारी. गेटावरच्या म्हाताऱ्याला सांगा, वायरमनने पाठवलंय म्हणून."

माणूस परदेशात गेला, की एरवी ज्या निमंत्रणाला हसून मान डोलावतो तेही खरे मानतो. मंगळवारी दुपारी मी एकटाच लीड्सच्या स्टेशनवर जाऊन बॅटलीचे तिकीट काढले.

गाडी सुटते न सुटते तोच मॉर्लीचा बोगदा लागतो. तो जवळजवळ दोन मैल लांब आहे. खंडाळ्याच्या घाटातून ज्याचे बालपण गेले त्याला बोगद्याचे कौतुक ते काय असणार! पण या बोगद्यातून गाडी बाहेर पडली, की शहर मागे राहते आणि हिरव्या टेकड्यांवर काळवंडलेल्या दगडांच्या इमारती दिसू लागतात. उंच धुराडी, तीन-तीन चार-चार मजल्यांच्या गिरण्या, त्यांच्या ओळीने बसवलेल्या खिडक्या. काही खिडक्यांना काचा होत्या, काहींना नव्हत्या. माझ्या छातीत उगीचच कालवले. हे गाव मी पूर्वी कधीही पाहिले नव्हते, तरी ते माझ्या ओळखीचे होते. लालबाग-परळच्या चाळीत ज्याचा जन्म झाला त्याला बंद गिरणी ओळखता येते. मग ती यॉर्कशायरची का असेना.

बॅटलीची गिरणी मात्र आमच्या गिरण्यांहून निराळी होती. आमच्याकडे कापूस येई, येथे चिंध्या येत. १८१३ साली बेंजामिन लॉ नावाच्या येथल्याच एका गृहस्थाने जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्यांत थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची युक्ती शोधली. त्या कापडाला 'शॉडी' म्हणत. इंग्रजीत आज हा शब्द हलक्या, निकृष्ट मालाला लावतात. पण या शब्दावर शंभर-सव्वाशे वर्षे हे गाव जेवले. युरोपभरच्या चिंध्यांचे गठ्ठे येथे येऊन पडत, त्यांचे लिलाव होत, आणि त्यांतून सैनिकांचे गणवेश आणि घोंगड्या बाहेर पडत. आपल्याकडे बोहारीण दारोदार फिरून जुन्या लुगड्यांवर पातेली देते ना, तसे हे सगळे गावच जगाची बोहारीण होते! स्टेशनातून बाहेर पडताच रस्त्याच्या कडेने त्या चिंध्यांच्या जुन्या वखारी उभ्या आहेत. त्यांच्या दारांवरचे दगडी नक्षीकाम पाहून वाटते, या राजवाड्यांत चिंध्या राहात होत्या? आज हाच धंदा आपल्या पानिपतात मोठ्या प्रमाणावर चालतो. मराठी माणसाला पानिपत म्हटले की दुसरेच काही आठवते, पण तेही शहर आता चिंध्यांतून घोंगड्या काढते.

क्लबाचे मैदान माउंट प्लेझंट नावाच्या चढावर आहे. चढ चढताना नावातला प्रसन्नपणा माझ्या काही अनुभवास आला नाही. निम्म्या वाटेवर दम खायला म्हणून एका वाण्याच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक मुसलमान गृहस्थ बसले होते. मी मुंबईचा म्हटल्यावर त्यांनी गुजरातीतच बोलायला सुरुवात केली. त्यांचे वडील सुरत जिल्ह्यातून आलेले. १९६० नंतरच्या त्या वर्षांत येथल्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसे मिळत नव्हती, तेव्हा सुरत-भडोचकडची कितीतरी कुटुंबे या भागात आली आणि इथलीच झाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, रात्रपाळी संपली, आणि त्यांनी हे दुकान टाकले.

"रग्बी पाहता का?" मी विचारले.

"आम्ही क्रिकेटवाले, साहेब. पण निकाल आम्हाला रविवारी सहाच्या आत कळतो. उतरताना लोक दुकानात येतात ना! दूध मागतानाचा आवाज ऐकला की समजतं."

मैदानाच्या फाटकावर वायरमनने सांगितलेला म्हातारा खरोखरच होता. मी निरोप सांगताच तो म्हणाला, "आत ये, लव्ह!" मी दचकलो. पण यॉर्कशायरचे जुने लोक पुरुषांनाही असेच संबोधतात, असे भाचीने मला आधीच बजावले होते. त्यामुळे मी संकोच न करता आत गेलो आणि समोर पाहातच राहिलो.

मैदान चक्क उताराचे होते! थोडेथोडके नव्हे, डोळ्यांना लख्ख दिसावे इतके. वरच्या बाजूला उभे राहिले तर खालच्या बाजूचा माणूस ठेंगणा दिसतो. टेकडीवरच गाव, मग मैदान सपाट कोठून आणणार! क्लब १८८० साली स्थापन झाला, तेव्हापासून येथे पाहुणे संघ येतात आणि या उताराच्या नावाने बोटे मोडून जातात.

"अन्याय नाही का हा?" मी म्हणालो.

"मध्यंतरानंतर बाजू बदलतात की! चाळीस मिनिटं चढ आणि चाळीस मिनिटं उतार, दोघांनाही सारखंच. एवढा न्याय तर देवही करत नाही," म्हातारा म्हणाला.

साडेसहाच्या सुमारास मंडळी येऊ लागली. मेमधले तिकडचे दिवस मोठे. नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. कोणी कामाच्या व्हॅनमधून उतरत होता, तिच्या टपावर शिडी बांधलेली. कोणाच्या बुटांना सिमेंट लागले होते. एकाच्या हातात वह्यांचा गठ्ठा दिसला. तो शाळामास्तर निघाला, तेव्हा मला उगीचच आपला माणूस भेटल्यासारखे वाटले. दिवसभराचे काम करून आलेली ही माणसे कपडे बदलून मैदानात उतरली आणि एकमेकांना अशी भिडली की धक्क्याचा आवाज गॅलरीपर्यंत यावा.

या खेळाची माहिती मराठी वाचकाला करून द्यायची तर कबड्डीपासून सुरुवात करावी. एका बाजूला तेरा खेळाडू असतात. लंबगोल चेंडू काखेत धरून प्रतिपक्षाच्या अंगणात घुसायचे आणि शेवटच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. त्याला 'ट्राय' म्हणतात, आणि त्याचे चार गुण. नंतर दोन खांबांमधून चेंडू लाथेने उडवला तर आणखी दोन. समोरचे तुमची पकड करतात. पकड झाली की उठायचे, चेंडू टाचेने मागे सारायचा आणि पुन्हा चढाई. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्यांचा. चेंडू पुढे फेकायला मात्र मनाई. पुढे जायचे असेल तर स्वतःच्या पायांनी जायचे. साथीदार तुमच्या मागे असतो. मला वाटते, गिरणीतल्या माणसाला हा खेळ का आवडला असेल, हे या एका नियमावरून कळते.

पण रग्बी म्हणजे तर पंधरा जणांचा खेळ, मग हा तेरांचा कोठून आला? हे मी म्हाताऱ्याला विचारले आणि त्याने जे सांगितले त्यामुळे माझ्या लेखी त्या संध्याकाळचा रंगच पालटला.

गेल्याच्या गेल्या शतकात रग्बी एकच होती, आणि तिची सूत्रे लंडनच्या सुखवस्तू मंडळींच्या हाती होती. खेळाचे पैसे घेणे हे सभ्य गृहस्थाला शोभत नाही, असा त्यांचा दंडक. उत्तरेकडे मात्र खेळणारे होते खाणकामगार आणि गिरणीकामगार. शनिवारी सकाळी त्यांना कामावर जावे लागे. सामन्यासाठी गैरहजर राहिले की त्या दिवसाची मजुरी बुडे. उत्तरेच्या क्लबांचे म्हणणे एवढेच होते की, खेळाचे पैसे नकोत, पण बुडालेली मजुरी तरी भरून देऊ द्या. १८९३ साली लंडनच्या सभेत यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी तसा ठराव मांडला आणि तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी आपला सवता सुभा मांडला. एकूण बावीस क्लब या नव्या संघटनेचे संस्थापक ठरले. बॅटली त्यांतलाच एक. बुडालेल्या दिवसाबद्दल जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यावेत, असे ठरले. पुढे यांचे नियम निराळे होत गेले, १९०६ साली पंधरांचे तेरा झाले, आणि एका खेळाचे दोन खेळ झाले.

इंग्रजीत त्या मजुरीला म्हातारा जे म्हणाला त्याचा शब्दशः अर्थ 'मोडलेला वेळ' असा होतो. पण मला भाषांतर करावे लागले नाही. माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाला, "खाडा!"

म्हाताऱ्याला अर्थातच कळले नाही. पण आमच्या चाळीत हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नसे. गैरहजर राहिले की हजेरीपटावर खाडा पडे, आणि खाडा पडला की पगारातून तेवढे पैसे कापले जात. माझे वडील एका गिरणीत साचेखात्यात होते, आणि कबड्डी खेळत. उत्तम पकड करीत, असे जुने लोक अजून सांगतात. मी ते पाहिलेले नाही. १९८२ च्या जानेवारीत अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्या संपानंतर वडिलांची गिरणीही गेली आणि कबड्डीही. जे काही मला ठाऊक आहे ते आईकडून. ती सांगते, वडील बाहेरगावी स्पर्धेला जात, आणि रात्री उशिरा परत आले की ती दार उघडताना पहिला प्रश्न विचारी तो, "किती खाडे पडले?" जिंकलात का, हा प्रश्न नंतरचा. एकदा कोल्हापूरकडची अंतिम फेरी जिंकून ते स्टीलचा मोठा डबा घेऊन आले. तीन खाडे पडले होते. आईने डबा हातात घेतला, आतबाहेर पाहिला आणि म्हणाली, "यात भरायला काय आणू?" ती हे हसत सांगते. पण वडील त्या रात्री जेवले नाहीत, हेही तीच सांगते.

समोर उतारावर तो वायरमन धापा टाकीत उभा होता. आणि माझ्या मनात आले, माझ्या बापाला कोणी सहा शिलिंग दिले असते तर!

सराव संपेपर्यंत म्हाताऱ्याने मला बॅटलीचे निकाल ऐकवले. आपल्याकडे आजोबा नातवाला पाढे म्हणून दाखवतात, तसे त्याने ते म्हटले. नव्या संघटनेची मानाची 'चॅलेंज कप' स्पर्धा १८९७ साली सुरू झाली, आणि लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर झालेल्या पहिल्याच अंतिम सामन्यात बॅटलीने सेंट हेलन्सला १०-३ असे हरवले. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्डविरुद्ध ७-०. १९०१ साली वॉरिंग्टनविरुद्ध ६-०. १९२४ साली विगनसारख्या बलाढ्य संघाला १३-७ ने हरवून बॅटली सगळ्या देशाची अजिंक्य ठरली.

"तुम्ही पाहिलात तो सामना?" मी विचारले.

"इतका म्हातारा दिसतो का रे मी, लव्ह? माझ्या आजोबांनी पाहिला." मग जरा थांबून म्हणाला, "मी पाहिला तो गेल्या वर्षीचा."

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२२ चा. दुसऱ्या श्रेणीच्या उपान्त्य फेरीत बॅटलीची गाठ फेदरस्टोनशी होती. तो संघ गुणतक्त्यात दुसरा आणि सामना त्यांच्याच मैदानावर. बॅटलीच्या जिंकण्याची आशा फारशी कोणाला नव्हती. निकाल लागला बॅटली ३२, फेदरस्टोन २८. अंतिम सामना जिंकला असता तर हे शिडीवाले, सिमेंटवाले, वह्यावाले थेट पहिल्या श्रेणीत गेले असते. २ ऑक्टोबरला ली या गावच्या संघाशी तो सामना झाला. ते पूर्णवेळ खेळणारे व्यावसायिक. बॅटली ४४-१२ अशी हरली.

"वाईट वाटलं?" माझा प्रश्न बावळटपणाचा होता.

"वाटलं की! पण निकाल तो निकाल. जिंकलो असतो तर गेलो असतो वर. आता मात्र नवीनच काढलंय. म्हणे, क्लबांना मार्क मिळणार!"

ही मार्कांची भानगड मी पुढे समजून घेतली. २०२४ च्या मोसमानंतर पहिल्या श्रेणीत कोणी खेळायचे हे केवळ सामन्यांवर ठरायचे नव्हते. प्रत्येक क्लबाला वीसपैकी गुण मिळायचे. मैदानावरची कामगिरी ही त्यातली एक बाब. त्याखेरीज प्रेक्षक किती, तिजोरीत काय, स्टेडियम कसे, आसपासची वस्ती केवढी, हेही मोजायचे. पंधरा किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे 'ए', साडेसातच्या खाली 'सी'. आमच्या महाविद्यालयातही श्रेणी देणारी समिती येते. ती यायच्या आधी भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात आणि ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा फलक जास्त होतात. त्यामुळे म्हाताऱ्याचे दुःख मला चटकन कळले. उताराच्या मैदानाला अशा परीक्षेत किती गुण मिळणार?

मला मात्र दोन्ही बाजू दिसतात. क्लब कर्जात बुडू नयेत, प्रेक्षकांना धड बसायला मिळावे, यात वाईट काय आहे? एका सामन्याच्या जोरावर वर जाऊन वर्षभरात दिवाळे काढण्यापेक्षा हे शहाणपणाचेच. पण मराठीत सामन्यातही 'गुण' आणि परीक्षेतही 'गुण' हा एकच शब्द आहे, तसा त्या खेळात उरला नाही, एवढे खरे.

परतण्यापूर्वी एक दिवस हडर्सफील्डला जाऊन आलो. त्याच लोहमार्गावर ते पुढे आहे. खांबांची ओळ असलेले देखणे स्टेशन, समोर चौकात हॅरॉल्ड विल्सन यांचा पुतळा, आणि शेजारीच ते जॉर्ज हॉटेल. त्याच्या तळघरात एके काळी या खेळाचे छोटेसे संग्रहालयही होते. २०१३ साली हॉटेल बंद झाले. मी गेलो तेव्हाही बंदच होते. दाराशी थोडा वेळ उभा राहिलो. खाड्याच्या पैशांसाठी माणसे येथे जमली होती, एवढेच मनात येत होते. शनिवारी माझे विमान होते आणि बॅटलीचा सामना रविवारी. तो राहिला तो राहिलाच.

मुंबईला आलो, कॉलेज सुरू झाले. ऑगस्टात भाचीचा फोन आला, "मामा, तुझे बॅटलीवाले वेम्ब्लीला चाललेत!" १८९५ हे त्या फुटीचे साल, त्याच नावाची एक स्पर्धा खालच्या श्रेणीतील संघांसाठी आहे. तिची अंतिम फेरी वेम्ब्लीला होते. क्लबाच्या सगळ्या इतिहासात बॅटली तेथे प्रथमच जात होती. १२ ऑगस्ट २०२३, शनिवार. प्रतिस्पर्धी हॅलिफॅक्स. मी आईला शेजारी बसवून मोबाइल उघडला. हॅलिफॅक्स १२, बॅटली १०. दोन गुण, म्हणजे खांबांतून गेलेली एकच लाथ! आणि त्याच दिवशी, त्याच मैदानावर, मानाचा चॅलेंज कप जिंकला तो कोणी? आदल्या वर्षी बॅटलीला हरवून वर गेलेल्या ली संघाने, हल किंग्स्टन रोव्हर्सविरुद्ध १७-१६ असा.

मी आईला म्हणालो, "दोन गुणांनी गेला गं."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लांब आहे का ते गाव? खाडा पडला असेल ना रे पोरांचा?"

मी भाचीला तसे कळवले, तिने वायरमनला विचारले, आणि उत्तर आले: शुक्रवारची रजा घेतली होती; सोमवारी सकाळी सात वाजता तो एका शाळेत शिडीवर चढला होता.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, घटस्थापनेच्या दिवशी, दुसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना झाला. वर्षभर अव्वल राहिलेल्या फेदरस्टोनला लंडनने उपान्त्य फेरीत ३६-२६ असे हरवले होते. आता त्यांनी तुलूजला जाऊन १८-१४ ने विजय मिळवला आणि पहिली श्रेणी गाठली. पण त्याच महिन्यात नव्या पद्धतीचे नमुन्यादाखल गुण जाहीर झाले. लंडनला वीसपैकी ८.०७, क्रमांक चोविसावा! म्हणजे २०२४ साल वर काढायचे आणि पुढे काहीही जिंकले तरी खाली यायचे, हे पहिला सामना खेळण्याआधीच जवळजवळ ठरल्यासारखे झाले. २०२५ ला ते खरोखरच खाली आले. २०२५ च्या अंतिम सामन्यात तुलूजने यॉर्कला १०-८ असे हरवले, आणि २०२६ साठी पहिली श्रेणी चौदा संघांची झाली तेव्हा जिंकलेले तुलूज आणि हरलेले यॉर्क, दोघेही वर गेले. पेपर तपासणारा मी. या निकालपत्राकडे पाहून माझीही मती गुंग होते.

मग रविवारी रात्री मी खिडकीपाशी का जातो? मुलगा विचारतो, "बाबा, त्यांनी जिंकून तरी काय होणार आहे?" त्याला मी एवढेच सांगतो की, शनिवारपर्यंत शिडीवर असलेली तेरा माणसे रविवारी त्या उतारावर चाळीस मिनिटे चढ चढतात आणि चाळीस मिनिटे उतरतात. त्यातून जे दोन आकडे निघतात ते कोणा समितीने दिलेले नसतात. कोणीतरी ते आकडे घरी येऊन पाहायला हवेत. आमच्या घरी ते कोणी पाहिले नव्हते. आम्ही खाडेच मोजत राहिलो.

निघताना म्हातारा म्हणाला होता, "पुढच्या वेळी खरा सामना पाहायला ये, लव्ह." मोसमाचे शेवटचे सामने सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, आणि तेव्हा आमच्याकडे परीक्षा असतात, रजा मिळायची नाही. पण बॅटली पुन्हा कधी तिथवर पोचली, तर मी बिनपगारी रजेचा अर्ज टाकणार आहे. सौभाग्यवतीला तसे सांगून ठेवले आहे. ती म्हणाली, "पगार कापतील." आई मात्र आतून म्हणाली, "जाऊ दे गं त्याला. एक खाडा पडला तर पडला."